दोनशे देश एका प्लेलिस्टमध्ये कशाला?

नमस्कार ताई,
मध्यंतरी एका रीलमध्ये तुवाचा एक माणूस ऐकला, एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन आवाज काढत होता, आणि मी अक्षरशः वेडा झालो. तेव्हापासून जे सापडेल ते सेव्ह करत सुटलोय, माली, बल्गेरिया, जावा, इराण, पेरू, काही सोडलं नाही. आता प्लेलिस्ट एवढी फुगलीय की शफलला लावली की कोण कुठला काही कळत नाही आणि तो पहिला झटका काही परत बसला नाही. सगळं छान वाटतं, लक्षात काहीच राहत नाही. सुरुवात नेमकी कुठून करायची? भाषा कळत नसताना हे ऐकण्यात काही अर्थ आहे का? अस्सल काय आणि पाहुण्यांसाठी सजवून ठेवलेलं काय हे ओळखायचं कसं? आणि त्यासाठी भारीतले हेडफोन लागतात का?
– गोंधळलेला कानसेन

कानसेन,

आधी ती प्लेलिस्ट बंद करा. डिलीट नका करू, राहू दे बापडी, पण काही दिवस उघडू नका. सगळं छान वाटतं आणि लक्षात काही राहत नाही म्हणताय ना, त्यात तुमच्या कानाचा काही दोष नाही, तो शफलचा प्रताप आहे. मालीतल्या कोरा या तंतुवाद्यानंतर लगेच बल्गेरियातल्या बायकांचा कोरस, मग जावाचा गाँग, प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटं, म्हंजे लग्नाच्या रिसेप्शनला स्टेजवर उभं राहिल्यासारखं, हजार लोकांना नमस्कार होतो आणि कोणाशीच धड बोलणं होत नाही.

माझं मत विचाराल तर एक धागा पकडा आणि पुरता उसवेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. आणि धागा शोधायला लांब जायची गरजच नाही, तो तुमच्याकडे ऑलरेडी आहे, ज्याने तुम्हाला वेड लावलं तो तुवाचा माणूस. त्याला सोडून तुम्ही पेरूला का गेलात हेच मला कळलं नाही!

तुवा म्हणजे दक्षिण सायबेरियातला, मंगोलियाला लागून असलेला रशियाचा भाग. तुम्ही ऐकलंत त्या गाण्याला खूमेई म्हणतात. त्यात होतं असं की गायक खालचा एक सूर घट्ट धरून ठेवतो, आणि कुठल्याही सुराच्या पोटात जे बारीक बारीक वरचे सूर मुळातच दडलेले असतात त्यातला हवा तो सूर जीभ-ओठ हलवून, तोंडाची पोकळी लहानमोठी करून वर काढतो. नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून कोणी न छेडता स्वयंभू गंधार ऐकू येतो बघा, तेच तत्त्व, फक्त इथे माणूस ठरवून एकेक सूर निवडतो आणि त्याची चाल बांधतो. शिट्टीसारखा एकदम बारीक आवाज वर तरंगत असेल तर तो सिगित, आणि जमिनीखालून आल्यासारखा घोगरा खर्ज असेल तर तो कार्गिरा. एवढं कळल्यावर तुमची ती रील परत बघा, या वेळी खालचा सूर एकटा ऐकायचा प्रयत्न करा, मग वरचा एकटा, मग दोन्ही. तुम्ही म्हणता तो झटका परत बसतो की नाही बघा.

मग स्मिथसोनियन फोकवेज या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने १९९० साली काढलेला 'तुवा: व्हॉइसेस फ्रॉम द सेंटर ऑफ एशिया' हा अल्बम लावा. हे स्टेजवरचं गाणं नाही, तिथे जाऊन केलेलं रेकॉर्डिंग आहे, त्यात गुराढोरांना घातलेल्या हाका आहेत, प्राण्यांच्या आवाजाच्या नकला आहेत, खोमुस आहे, म्हंजे थेट आपलं मोरचंग. आणि मोरचंग म्हणजे तरी काय, एक पत्ती थरथरत असते आणि तोंडाची पोकळी बदलून तुम्ही तिच्यातले वरचे सूर वेगळे काढता, म्हणजे खूमेईचा सख्खा भाऊच की. हे ऐकताना एक गोष्ट डोक्यात बसते की हे लोक मोकळ्या माळरानावर जनावरांमागे फिरणारे, वारा, पाणी, घोडा यांच्याशी स्पर्धा नाही तर जुगलबंदी करत आलेले, आणि ते कळलं की गाणं 'विचित्र' वाटायचं बंद होतं. त्यानंतर हून-हूर-तू हा १९९२ साली जमलेला ग्रुप ऐका, कायगल-ऊल खोवालिग हे नाव लक्षात ठेवा, त्यात घोडदौडीचा ठेका आहे आणि इगिल नावाचं दोन तारांचं, वर घोड्याचं डोकं कोरलेलं गजाचं वाद्य आहे. इगिलवरून मंगोलियाच्या मोरिन हूरकडे जा, शेजारीच आहे, तेही घोड्याच्या डोक्याचंच. बघा, एका रीलपासून इथपर्यंत आलो आणि अजून दुसरा धागा हातात घेतलेलाच नाही.

हे झाल्यावर दुसरा धागा निवडायचा असेल तर त्याला एक सोपी युक्ती आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली तिच्यातलं संगीत एकदा सलग ऐका. २७ तुकडे आहेत, दीड तासाचा मामला. आपल्याकडे सगळ्यांना त्यातलं एक माहीत असतं, केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी, साडेतीन मिनिटांची (व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला, त्याच वर्षी). पण आपण अभिमानाने तेवढं शेअर करतो आणि बाकीचे २६ कोणी ऐकतच नाही! त्यात जॉर्जियातल्या पुरुषांचं अनेक आवाजांतलं 'चाक्रुलो' आहे, जपानच्या गोरो यामागुचींनी वाजवलेली 'शाकुहाची' नावाची बासरी आहे, ग्वान पिंगहू यांनी वाजवलेलं छिन नावाचं चीनचं तंतुवाद्य आहे, वाल्या बाल्कान्स्का या गायिकेचं बल्गेरियन गाणं आहे जे ऐकून कुठला दगड पण हलेल, सॉलोमन बेटांवरच्या बांबूच्या बासऱ्या आहेत. बाख, बीथोवन आणि चक बेरी पण आहेत. सगळं ऐका आणि ज्याच्यापाशी पुन्हा मागे जाऊन प्ले दाबावंसं वाटलं तो तुमचा पुढचा धागा. डोकं लावायचं नाही, बोट कुठे जातंय ते बघायचं.

आता त्याच तबकडीतली एक गंमत. त्यात 'सेनेगल, तालवाद्ये' असं नाव दिलेला एक तुकडा आहे, शार्ल द्यूवेल नावाच्या फ्रेंच माणसाने रेकॉर्ड केलेला. पुढे कित्येक वर्षांनी शोधाशोध झाली तेव्हा निघालं काय तर ते सेनेगलचं नाहीच, बेनिनमधल्या माही लोकांचं आहे. म्हणजे पृथ्वीची ओळख म्हणून आपण जे सूर्यमालेबाहेर पाठवलं त्याच्यावरचा पत्ताच चुकीचा. आणि नासाच्या यादीत हे होऊ शकतं तर 'ट्रायबल चिल' छापाच्या प्लेलिस्टमध्ये काय होत असेल, विचारूच नका.

म्हणून माझा दुसरा आग्रह, आणि हा मी हात जोडून करते, की टिपा वाचा. जुन्या रेकॉर्डबरोबर एक पुस्तिका यायची, कोण गातंय, कुठे, कधी, कशासाठी, वाद्य कसं धरतात, सगळं त्यात. स्ट्रीमिंगवर ती उडाली आणि नुसतं चौकोनी चित्र उरलं. फोकवेजच्या साइटवर मात्र या पुस्तिका पीडीएफमध्ये फुकट उतरवून घेता येतात, अल्बम विकत घेतला नाही तरी. ही कंपनी मोझेस ॲश या गृहस्थाने १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केली, जवळपास २,२०० रेकॉर्ड काढल्या, त्यात एक तर चक्क उत्तर अमेरिकेतल्या बेडकांच्या आवाजाची आहे, आणि तो गेल्यावर १९८७ साली हा सगळा पसारा अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेला तो याच अटीवर की एकही रेकॉर्ड बंद करायची नाही, खपो न खपो. युनेस्कोची पारंपरिक संगीताची मालिका पण आता त्यांच्याकडेच आहे. शिवाय ॲलन लोमॅक्स या लोकसंगीत गोळा करणाऱ्या अमेरिकन माणसाने आयुष्यभर फिरून केलेली १७ हजारांवर रेकॉर्डिंग्ज ऑनलाइन फुकट ऐकता येतात, त्यात नुसती गाणी नाहीत, गाणाऱ्यांशी गप्पा पण आहेत, मधेच कोणी खोकतं, कोणी हसतं, आणि मला विचाराल तर त्यातच अर्धी मजा आहे.

टिपा वाचल्या नाहीत तर काय होतं याचं एक उदाहरण सांगते. डीप फॉरेस्ट या फ्रेंच ग्रुपचं १९९२ सालचं 'स्वीट ललबाय' तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेलच, जाहिरातीत, हॉटेलच्या लॉबीत, फार गाजलं होतं. त्यात जो बाईचा आवाज आहे तो सॉलोमन बेटांमधल्या मलाइता बेटावरच्या अफुनाक्वा नावाच्या बाईचा, ह्यूगो झेम्प या संशोधकाने १९७० साली रेकॉर्ड केलेली 'रोरोग्वेला' नावाची अंगाई. खाली ठेका घातला, वर सिंथेसायझर, झालं हिट. बाकीच्या अल्बममध्ये मध्य आफ्रिकेतले आवाज, त्यामुळे लोकांनी हे पण तिकडचंच धरलं, इतकं की १९९६ साली यान गार्बारेक या नॉर्वेच्या मोठ्या सॅक्सोफोनवाल्याने तीच चाल वाजवली आणि नाव दिलं 'पिग्मी ललबाय'. पॅसिफिकमधली अंगाई जाऊन पोचली आफ्रिकेत! आणि अफुनाक्वा राहिली बाजूला.

यातच तुमच्या भाषेच्या प्रश्नाचं उत्तर आहे खरं तर. त्या अंगाईत आई-बाप गेलेल्या धाकट्या भावंडाची समजूत घातलीय, रडू नको, आता आपण दोघंही पोरके, पण ते तिकडून आपल्याकडे बघतायत, अशा अर्थाचं. आणि लोक त्यावर नाचले. तर शब्द न् शब्द कळायची काही गरज नाही, तुम्ही काही परीक्षा देत नाही आहात, पण कोण कोणाला काय सांगतंय एवढं एका ओळीत तरी माहीत करून घ्या, त्याने कान एकदम जागेवर येतो. इजिप्तची गायिका उम्म कुलसूम ऐका याच्यासाठी. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी कैरोहून रेडिओवर तिचं गाणं लागायचं आणि अख्खं अरब जग कान लावून बसायचं. १९६४ सालचं 'एन्ता ओमरी' घ्या, मैफलीतलं रेकॉर्डिंग घ्या हं, छाटून काढलेलं नको, ते जवळजवळ तासभर चालतं. अरबीचं एक अक्षर येत नसलं तरी चालेल, तुम्ही फक्त लोकांकडे लक्ष द्या. ती एक ओळ गाते, लोक ओरडतात, ती तीच ओळ परत घेते पण या वेळी दुसरीकडून वळवून, लोक अजून ओरडतात, ती परत घेते... अहो ही ठुमरीच आहे, दाद देणारे पण आपल्यासारखेच.

मात्र एक इशारा. आपला कान आपल्या संगीतात घडलेला असतो, तो खूप कामाला येतो आणि बरोब्बर नको तिथे दगा पण देतो. याच अरबी संगीतात रास्त नावाचा मकाम आहे (मकाम म्हणजे साधारण आपल्या रागासारखं), त्याचा तिसरा सूर आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध कुठेतरी बसतो. पहिल्यांदा ऐकताना हमखास वाटतं की हा बेसूर आहे. नाहीये. चार-पाच दिवस रोज ऐका, मग एक दिवस तो सूर जागेवर असल्यासारखा वाटायला लागतो.

जावाच्या गॅमेलानचं, म्हंजे गाँग आणि धातूच्या तालवाद्यांच्या ताफ्याचं, तर याहून मजेशीर आहे. त्या व्हॉयेजरच्या तबकडीत 'पुष्पवर्ण' नावाचा जो तुकडा आहे (नाव बघा, संस्कृत), योग्यकर्तच्या पाकू आलामान राजवाड्यातलं रेकॉर्डिंग, तो ऐकताना आपण आपसूक सम शोधायला जातो. मोठा गाँग पडला की आपल्याला वाटतं, हां, ही सम, इथून एक मोजायचं. ते लोक उलट मोजतात, गाँग हा त्यांच्यासाठी आवर्तनाचा शेवटचा आकडा, सगळं वजन तिकडे सरकत सरकत जातं आणि तिथे पडतं. आता तुम्ही म्हणाल समेवर आपण पण येतोच की, हो येतो, पण मोजणी बदलून ऐकून बघा, आठव्या किंवा सोळाव्या ठोक्याला 'शेवट' म्हणून बघा, तेच रेकॉर्डिंग वेगळं ऐकू येतं, जोर सगळा पुढे ढकलला जातो. शिवाय प्रत्येक गॅमेलानचा संच आपापल्या सुरांत बनवलेला असतो, एका संचातलं वाद्य दुसऱ्यात नेऊन वाजवता येत नाही, त्यामुळे 'ओरिजिनल पट्टी कुठली' हा प्रश्नच तिथे निकालात निघतो. बालीत तर वाद्यांच्या जोड्या मुद्दाम एकमेकांपासून किंचित हलवून लावतात, त्याने आवाजात लाटांसारखी थरथर येते, तंतोतंत जुळवल्या तर त्यांना तो आवाज मेलेला वाटतो.

आणि झिंबाब्वेच्या शोना लोकांचं एम्बिरा हे वाद्य ऐकलंत की पहिली तक्रार तुम्ही करणार की रेकॉर्डिंग खराब आहे, सारखं काहीतरी झणझणतंय. ते झणझणणं मुद्दाम केलेलं असतं. लाकडी फळीवर लोखंडी पट्ट्या, दोन अंगठे आणि उजव्या हाताची तर्जनी एवढ्यावर वाजवतात, आणि फळीला शिंपले, हल्ली बाटल्यांची बुचं अडकवतात, खास त्या आवाजासाठी. ज्याने तंबोऱ्याच्या तारेखाली जवारीचा दोरा सरकवून बघितलाय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. १९७३ सालचं 'द सोल ऑफ एम्बिरा' हे पॉल बर्लिनर यांनी केलेलं रेकॉर्डिंग घ्या, दोन वादकांचे तुकडे एकमेकांत असे अडकतात की थोड्या वेळाने तुम्हाला तिसरीच एक चाल ऐकू यायला लागते जी दोघांपैकी कोणीच वाजवत नाहीये.

राहिला अस्सलपणाचा प्रश्न. याच्यात फार पडू नका असं सांगेन, कारण अस्सल शोधायला जाणारे बहुतेक जण शेवटी 'बाहेरचं वारं न लागलेलं' काहीतरी शोधत असतात आणि तसं काही जगात कुठे नसतं. ह्यू ट्रेसी हा माणूस आफ्रिकाभर रेकॉर्डिंग करत फिरला, १९५४ साली त्याने दक्षिण आफ्रिकेत रेकॉर्डिंगचं संग्रहालयच उभं केलं, तो १९५० साली केनियात किप्सिगिस लोकांच्यात गेला होता. तिथल्या मुली एक गाणं म्हणत होत्या 'चेमिरोचा' नावाच्या कोणावर तरी, अर्धा माणूस अर्धा हरीण. हा चेमिरोचा कोण, तर जिमी रॉजर्स, अमेरिकेतला कंट्री गायक! ग्रामोफोनवर त्याच्या तबकड्या तिथपर्यंत पोचल्या होत्या आणि मुलींनी त्याचा देव म्हणा, भूत म्हणा, करून टाकला होता. आता हे अस्सल की भेसळ? मला तर यापेक्षा अस्सल काही माहीत नाही. इथिओपियाचं तसंच, मुलातू अस्तात्के हा संगीतकार लंडन, बॉस्टन, न्यूयॉर्क करून आला, आपल्या पाच सुरांच्या ठाटांवर जॅझ बसवला, 'एथिओपिक्स' मालिकेचा चौथा भाग त्याचाच आहे, शोधून ऐका, रात्री ऐका. तुम्ही फक्त एवढं बघा की गाणाऱ्याचं नाव दिलंय का, गाव दिलंय का, आणि तुकडा पूर्ण आहे का मधेच फेड केलाय. 'आफ्रिकन बीट्स' आणि खाली सूर्यास्ताचं चित्र एवढंच असेल तर पुढे सरका. फ्यूजनबिजन बिनधास्त ऐका, कायहान कल्होरचं कमांचे (इराणचं गजाचं वाद्य) आणि शुजात हुसेन खाँसाहेबांची सतार एकत्र ऐकली नसेल तर आजच ऐका, कारण त्यात दोघंही आपापल्या नावानिशी बसलेत आणि दोघांनाही समोरच्याचं ऐकू येतंय.

हेडफोनचं म्हणाल तर भारीतले नकोत, साधे वायरवाले चालतील, पण फोनच्या स्पीकरवर मात्र यातलं काही ऐकू नका. मोठ्या गाँगचा खर्ज त्या स्पीकरमधून येतच नाही, म्हणजे आवर्तन कुठे संपलं हेच तुम्हाला कळणार नाही, आणि तुमचा तो कार्गिरावाला निम्म्याहून जास्त गायब होतो, उरते ती नुसती घरघर. घरच्यांनी हे ऐकून नाक मुरडलं असेल तर त्यांनी ऐकलेलं बहुतेक हेच असणार.